डावा पीळ

तलवाडा असं अंगदने फोनवर म्हटलं, तरी वनमालाच्या हातातली पेंढी सुटली नाही. तिने ती उलट जास्तच दाबून धरली, सुतळीचं टोक पायाच्या अंगठ्याखाली घेतलं आणि खांद्यात धरलेल्या फोनला म्हणाली, "किती वाजता?" अंगद म्हणाला, बारापस्तोर न्यायला येतो, मोठं पाहिजे, पांढरं पाहिजे, झेंडूबिंडू लावू नका, साहेब स्वतः जाणार हायेत. साहेब म्हणजे अर्जुनराव, पंचायत समितीचे माजी सभापती. तालुक्यात कुणीही जावो, अर्जुनरावांचं पुष्पचक्र पहिलं पोचलं पाहिजे हा त्यांचा शिरस्ता होता, आणि अंगद हा तो शिरस्ता पाळणारा माणूस. वनमालाचाही एक शिरस्ता होता. कोण गेलं ते विचारायचं नाही. गाव विचारायचं, वेळ विचारायची, पट्टीवर कुणाचं नाव घालायचं ते विचारायचं. पट्टीवर नाव देणाऱ्याचं असतं, गेलेल्याचं नसतंच, त्यामुळे एवढ्या वर्षांत निम्म्या तालुक्याला तिने फुलं घालून वाटेला लावलं होतं आणि त्यातली फारशी माणसं तिला ठाऊक नव्हती. पण अंगद मूळचा चौसाळ्याकडचा, गेवराईत नवा आणि तोंडाचा मोकळा. त्याने आपण होऊनच सांगितलं. "विठ्ठलराव गेले, मावशी. जुने सरपंच. साहेबांचं अन् त्यांचं जन्मात जमलं न्हाई, पण आता काय." वनमाला म्हणाली, "बरं."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की 'बरं' हाच शब्द तिने विठ्ठलरावांनाही शेवटचा म्हटला होता. त्याला पाच वर्षं झाली. विठ्ठलराव तिचे वडील, तिचे अण्णा, आणि तलवाडा तिचं माहेर.

तिने हातातली पेंढी पुरी केली. गोल वळवलेला ओला कडबा अर्ध्यावर सोडला तर उसळून सरळ होतो आणि मग कितीही भिजवला तरी पुन्हा वळत नाही, हे तिला माहीत होतं, म्हणून पुरी केली. त्यात दुसरं काही नव्हतं. मग ती उठली, हात पुसले आणि डब्यावरचा फोन पुन्हा घेऊन बघितला. पहाटे तिच्या भावाचा, रामचा फोन आला होता. पाच वर्षांत पहिला. ती तेव्हा न्हाणीत फुलांच्या पोत्यांवर पाणी मारत होती. पडद्यावर 'राम' असं उजळलेलं तिने बघितलं होतं आणि वाजू दिलं होतं. तिला वाटलं होतं, शेताच्या कागदावर सही पाहिजे असेल. गावोगाव हेच चाललं होतं, भाऊ बहिणींना साडी नेसवून सही घेत होते, आणि सहीसाठी का होईना भावाला आपली आठवण झाली याचा तिला राग आला होता आणि थोडं बरंही वाटलं होतं. या दोन्हींचा निकाल लागेपर्यंत फोन वाजायचा थांबला. परत वाजला नाही. एकदाच, असं तिने आता मनाशी म्हटलं. एकदाच वाजवला. सांगितल्याचं सांगायला झालं. ज्याला बहीण पाहिजे असते तो दुसऱ्यांदा वाजवतो. तिने आवाज बंद केला, फोन पिठाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. हे वेडेपण आहे हे तिला कळत होतं. पण वेडेपणा करायला आज तिला परवानगी होती असं तिला वाटलं.

घर दोन खोल्यांचं, गेवराईच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत, वर पत्रे. फाल्गुन लागला होता आणि दहाच्या आतच पत्रे कडकड करायला लागले होते. मुलगी आरोही संभाजीनगरला कॉलेजला होती. ती असली की पट्टीवरची अक्षरं तीच काढायची, सोनेरी रंगात, वळणदार. आता वनमाला स्वतः काढायची आणि तिचा 'श्र' नेहमी एका बाजूला कलायचा. न्हाणीतल्या गार फरशीवर निशिगंध होता, पांढरी शेवंती होती, एका लग्नासाठी ठेवलेला गुलाब होता. दारातल्या अशोकाची पानं होती. आणि पत्र्याच्या डब्यात बाभळीचे काटे, लांब, पांढरे, वाळवून ठेवलेले. तिच्या चक्रात तार नसायची. थर्माकोल नाही, तार नाही, टाचणी नाही. कडब्याचं कडं, त्याला सुतळीचे आणि कडब्याचे वेढे, आणि फूल टोचायला बाभळीचा काटा. बीडहून येणाऱ्या चक्रांपेक्षा तिचं चक्र जड असायचं आणि करायला दुप्पट वेळ लागायचा. लोक हसायचे, म्हणायचे, मावशी, माणूस तर मेलाय, त्याला काटा काय अन् तार काय. ती त्यांना काही समजावत बसायची नाही.

रामकिसनच्या वेळी तिला ते समजलं होतं. रामकिसन तिचा नवरा, बियाण्यांच्या दुकानात कामाला होता, महामार्गावर गेला. आठ वर्षं झाली. दुकानदारांच्या संघटनेने मोठं चक्र आणलं होतं, तेव्हा तिला त्याचं बरं वाटलं होतं, इतक्या लोकांना तो माहीत होता म्हणून. आभाळ भरून आलं होतं, सगळ्यांची घाई चालली होती, आणि अग्नी द्यायच्या आधी चक्रं काढून बाजूला ठेवतात ते कुणीतरी एका चक्राचं विसरलं. तिसऱ्या दिवशी सावडायला ती हट्टाने गेली. दीर म्हणाला, वहिनी तुम्ही नका येऊ, तरी गेली. राखेत ती तार होती. काळी पडलेली, पण अजून गोल. आणि त्या गोलाच्या आत त्याची हाडं. कुणीतरी आखून ठेवावं तशी. तिने ती तार हाताने उचलली, ती मोडायचा प्रयत्न केला, ती वाकली पण मोडली नाही. पुढे कितीतरी महिने भाकरी थापताना ती परातीचा काठ पिठाने झाकून टाकायची. त्यातूनच हा उद्योग निघाला, असं नंतर लोकांना सांगायला सोपं गेलं असतं. तसं नव्हतं. आधी पोट होतं. आधी हार होते, लग्नातली फुलं होती, गणपतीतले दिवस होते. पण हार करणारे गावात पुष्कळ, आणि मयताची फुलं करायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ती तिच्याकडे आली. आली तेव्हा तिने एवढंच ठरवलं की तार वापरायची नाही.

तिने शेवंतीच्या काड्या तिरप्या कापायला घेतल्या. हात चालले होते. हातांना काही कळलेलं नव्हतं, आणि त्याचं तिला नवल वाटत होतं. अण्णा गेले, असं तिने मोठ्याने म्हणून बघितलं. पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज ऐकू आला. रामकिसन गेल्यावर अण्णांनी रामला ट्रॅक्टर घेऊन पाठवलं होतं. सामान भरा आणि या, असा निरोप होता. लेकीला दोन घास जड नाहीत आपल्या घराला. राम दारात ट्रॅक्टर उभा करून खाली मान घालून बसला होता, आणि ती म्हणाली होती, मी न्हाई येत. ट्रॅक्टर रिकामा परत गेला. भर दुपारी, सगळ्या तलवाड्यातून, रिकामी ट्रॉली खडखडत. पाटलाच्या घरचा रिकामा ट्रॅक्टर म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं नव्हतं. ती ट्रॉली अण्णांच्या डोक्यात पुढं कितीतरी वर्षं खडखडत राहिली असणार. आई म्हणायची, बायनाबाई, ती फार बोलणारी बाई नव्हती पण बोलली की नेमकं बोलायची: "सुंभ जळंल, पण पीळ जळायचा न्हाई तुमा बापलेकीचा." कौतुकाने म्हणायची की वैतागून, ते वनमालाला कधी ठरवता आलं नाही.

पाच वर्षांपूर्वीची ती दिवाळी होती, पाडवा. ती आरोहीला घेऊन माहेरी गेली होती. ओसरीवर माणसं बसली होती, पानसुपारी चालली होती, आणि कुणीतरी, मनात काही नसताना, चेष्टेने म्हणालं, "पाटील, तुमच्या लेकीच्या हातचं चक्र मिळणार असंल तर माणूस निवांत मरतो बघा." सगळे हसले. वनमालालाही आत चुलीजवळ हसू आलं, तिला ते खरं तर आवडलं. अण्णा हसले नाहीत. ते उठून आत आले, उंबऱ्याच्या अलीकडे उभे राहिले, आणि हळू आवाजात म्हणाले, "मी मेल्यावर तुझ्या हातचं फूल माझ्या अंगावर पडू द्यायचं न्हाई. सांगून ठेवतो." ओरडले असते तर तीही ओरडली असती, भांडण झालं असतं, मिटलं असतं. ते हळू बोलले. ती म्हणाली, "बरं." आईने तिच्यापुढं नुकताच चहा ठेवला होता. ती उठली, आरोहीची पिशवी भरली, आणि निघताना तिचं लक्ष त्या कपाकडे गेलं, चहावर साय धरली होती. नंतर तिला अण्णांचा चेहरा नीट आठवायचा नाही, ती साय आठवायची. लोक म्हणतात खाण तशी माती. पाच वर्षं अण्णांनी बोलावलं नाही आणि पाच वर्षं ती गेली नाही, आणि दोघांपैकी कोण कुणाची वाट बघत होतं हे विचारायला मधे कुणी उरलं नाही. धाकटी दिपाली पुण्याला, तिच्या नवऱ्याची नोकरी तिथे. ती सणावारी माहेरी आली की तिथून फोन करायची, आईची खुशाली सांगायची, आणि अण्णांचं नाव आलं की तिचा आवाज उगाच मोठा व्हायचा, शेजारी बसलेल्या कुणाला ऐकू जावं तसा. आता वनमालाला वाटलं, शेजारी कदाचित खरंच कुणी बसलेलं असेल. मग वाटलं, हे आता आपण आपल्या सोयीनं लावतोय.

अंगदला फोन करून सांगता आलं असतं, फुलं नाहीत म्हणून. लग्नसराई होती, कुणालाही पटलं असतं. मग अंगदने बीडहून चक्र मागवलं असतं, थर्माकोलचं, आत तार. आणि तिथे कुणी काढायला विसरलं तर. विसरतात. तिच्या डोळ्यांपुढे राख आली, आणि राखेत गोल. आणि त्या गोलात अण्णा. तिने कात्री खाली ठेवली. म्हणजे बांधलं तर अण्णांचा शब्द मोडतो, आणि न बांधलं तर ते असं. प्लास्टिकचे हातमोजे घालून बांधलं तर ते आपल्या हातचं होतं का, असाही एक विचार येऊन गेला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. फुलं माळ्याची, पट्टी अर्जुनरावांची, कडबा शेजारच्या म्हशीचा; माझं त्यात काय, फक्त बांधणं. पण बांधणंच तर माझं. मग तिने कडं मांडीवर घेतलं आणि पहिला वेढा दिला.

वेढ्याला शेवटी आळा लागतो. ओल्या कडब्याची चार-दोन ताटं एकत्र पिळायची आणि तो पीळ गाठ न मारता स्वतःतच खोचायचा, की झाला आळा. शेतात पेंढी त्यानेच बांधतात. तिने तो खोचला आणि तिचं बोट तिथेच राहिलं. पीळ डावा होता. नेहमीच असायचा, पण नेहमी ती बघायची नाही. अण्णा डावखुरे होते. ज्वारी काढणीला आली की घरची पाटीलकी ओसरीवर ठेवून ते स्वतः रानात उतरायचे, आणि पेंढी बांधण्यात त्यांचा हात भल्याभल्या गड्यांना धरता यायचा नाही. सगळ्यांचा आळा उजवीकडे पिळलेला, अण्णांचा डावीकडे. गंजीतली पेंढी बघून गडी सांगायचे, ही मालकाची. वनमाला उजव्या हाताची, पण अण्णांच्या समोर बसून त्यांचं बघून शिकली, म्हणून तिचा पीळ डावा पडला. राम गड्यांकडून शिकला, त्याचा उजवा. पोर असताना ती आणि राम पैज लावायचे, कुणाची पेंढी आधी सुटते. अण्णा दोन्ही पेंढ्या उचलून आपटायचे आणि रामची सुटायची. मग अण्णा तिच्याकडे बघून मिशीत हसायचे. ते हसू तिला एकदम इतकं लख्ख दिसलं की तिने डोळे मिटले. चेहरा आठवत नव्हता म्हणते मी, असं ती स्वतःला म्हणाली, आणि मग ती रडली, हातातलं कडं न सोडता, नाक दंडाला पुसत. कडब्याला ओल्या सुगीचा वास येत होता. रडणं संपल्यावर तिला भूक लागली. तिने रात्रीची भाकरी चटणीबरोबर उभ्यानेच खाल्ली.

मयताला बोलावणं लागत नाही. लग्नाला लागतं, बारशाला लागतं, मयताला वैऱ्यानेही बिनबोलावता जावं, अर्जुनरावही चाललेच होते. हे तिला माहीत होतं. पण लेक म्हणजे वैरी नव्हे, लेकीला सांगावं लागतं. लेक पोचेपर्यंत तोंड झाकत नाहीत, उचलत नाहीत, सूर्य कलला तरी थांबतात. ज्या लेकीसाठी थांबत नाहीत ती लेक नव्हे. ती तिथे बायकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली असती आणि सगळ्यांनी वळून बघितलं असतं, ही आली, हिला कुणी सांगितलं. चक्र जाईल, तेवढं पुरे. निदान चक्रात तार नसेल.

अंगद बाराच्या आधीच आला. जीप गल्लीच्या तोंडाशी लावून तो चालत आला, दारात टेकला, आणि अर्धवट चक्र बघून त्याचा चेहरा पडेल असं तिला वाटलं, पण तो म्हणाला, "होऊ द्या मावशी, निवांत होऊ द्या. टायम वाढलाय. लेक यायची हाय म्हणं त्यांची, थांबलेत." वनमालाने मान हलवली. दिपाली. पुण्याहून यायचं म्हणजे दुपार होणारच, नगरच्या अलीकडे रस्त्याचं काम काढलेलं, आणि जावई गाडी सावकाश चालवणारा. तिला दिपालीचा मत्सर वाटला, साधा, लहानपणी नव्या फ्रॉकचा वाटायचा तसा. तिच्यासाठी थांबलेत. अंगद म्हणाला, मी डिझेल टाकून, दोन घास खाऊन येतो. तो गेला, आणि मिळालेला वेळ तिने चक्रात घातला. एरवी ती फुलं वरच्या अंगालाच लावायची, खालून कोण बघतंय. आज तिने कडेला, आतल्या बाजूला, सगळीकडे शेवंती बसवली. डाग असलेली फुलं निवडून काढली. निशिगंधाच्या काड्या एकसारख्या केल्या. फुलांवर पाणी मारलं, थांबली, पुन्हा मारलं. खालच्या अंगाला मात्र तिने नेहमीसारखं पान लावून आळे झाकले नाहीत. का नाही लावलं ते तिने स्वतःला विचारलं नाही. मग पट्टी घेतली आणि सोनेरी रंगात लिहिलं, अर्जुनराव यांजकडून भावपूर्ण श्रद्धांजली. 'श्र' आजही कललाच. इतकं चांगलं चक्र तिने कधी बांधलं नव्हतं. ते भिंतीला टेकवून ती समोर बसून राहिली, आणि तिला वाटलं, झालं आपलं, एवढंच करायचं होतं आपल्याला, आणि ते आपण वेळ घेऊन केलं.

अंगद परत आला तेव्हा ऊन पांढरं झालं होतं. चक्र उचलताना तो म्हणाला, "ऊन लई हाय. बर्फ लावलाय म्हणं, पण किती वेळ ठेवत्यात." वनमाला म्हणाली, पुण्याची आली असेल की एव्हाना. अंगद म्हणाला, "धाकटी का? ती तर सकाळीच आली, रातच्यालाच निघलती ती. थोरलीसाठी थांबलेत. तिचा फोन लागतो, पण उचलीनाच म्हणं. आता ती कुठं दिलीय, काय की."

 वनमालाला काही वाटण्याच्या आधी ऊन दिसलं, तलवाड्याच्या अंगणातलं, लिंबाची सावली या वेळेला भिंतीकडे सरकते आणि अंगण उघडं पडतं ते. सकाळपासून अण्णा तिथे तिच्यासाठी पडून होते, आणि ती इथे बसून डागाची फुलं निवडत होती. थोडी कमी निवडली असती तर. पहिल्या वेळीच अंगदला विचारलं असतं, कोणती लेक. तोंडून एवढे दोन शब्द निघाले असते तर. ती आत गेली, पिठाच्या डब्याचं झाकण काढलं. फोन पिठाने माखला होता. पदराने काच पुसली तर दिपाली, राम, दिपाली, दिपाली, राम, नुसती नावं, खाली सरकवत गेलं तरी संपेनात. तिने पायात चप्पल घातली, दाराला कुलूप लावलं आणि अंगदला म्हणाली, "चल. थोरली मीच हाय."

अंगदच्या हातातलं चक्र जरा खाली आलं.  त्याने जीपचं पुढचं दार उघडलं, सीटवरचा टॉवेल झटकला, चक्र मागे ठेवायला लागला तर ती म्हणाली, माझ्याकडं दे, मागं फुलं चेंगरतील. ते मांडीवर घेऊन ती बसली. तिने दिपालीला फोन लावला, निघाले म्हणाली, आणि पलीकडे दिपालीने मोठ्याने रडायला सुरुवात केली तेव्हा ठेवला. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर होते, अंगद हॉर्न मारत होता. बरंच पुढं गेल्यावर त्याने रस्त्याकडे बघतच विचारलं, "मावशी, मग पट्टी राहू द्यायची का?" ती म्हणाली, राहू दे, ऑर्डर साहेबांची हाय. शेवंतीचं पाणी तिच्या साडीत मुरत होतं, मांडी गार पडली होती. राम चांगला, असं ती मनात म्हणत होती. थांबायचं रामनेच ठरवलं असणार. अण्णांच्या मागे घरात आता त्याचा शब्द, आणि त्याने पहिला शब्द माझ्यासाठी वापरला, आणि मी पहाटे त्याचा फोन वाजू दिला.

चक्र अंगदच्या हवाली करून ती अंगणात उतरली तेव्हा तिचे हात रिकामे होते. घोळक्याने वाट दिली. आईने तिच्याकडे बघितलं आणि शेजारी जागा करून दिली, एवढंच. वनमालाने अण्णांचं तोंड बघितलं. मिशी पूर्ण पांढरी झाली होती, हे तिला माहीत नव्हतं. तोंड घट्ट मिटलेलं होतं, आत्ताच कुणाला तरी काही सांगून संपवल्यासारखं. ती त्यांच्या पायावर डोकं ठेवून राहिली, आणि मग कुणीतरी तिला दंडाला धरून उठवलं, कारण उशीर खूप झाला होता.

सरण घरच्याच शेतात होतं, विहिरीजवळ. बायका बांधावर थांबल्या. अर्जुनरावांनी पुढं होऊन चक्र ठेवलं, हात जोडून उभे राहिले, आणि त्यांचे डोळे खरंच भरले होते. जन्मभर भांडायला मिळालेला माणूस गेला की असं होत असावं. सोसायटीचं चक्र होतं, ग्रामपंचायतीचं होतं, आणखी कुणाकुणाची होती. मग राम एकेक चक्र उचलून बाजूला, बांधाच्या कडेला ठेवायला लागला. त्याच्या खांद्यावर ओला पंचा होता. अर्जुनरावांचं चक्र उचलताना त्याला त्याचा भार लागला, म्हणून त्याने ते तिरकं केलं, खालचं अंग वर आलं, आणि तो थांबला. तिला बांधावरून तो काय बघतोय ते दिसत नव्हतं, पण माहीत होतं. त्याने अंगठा एका आळ्यावरून फिरवला. मग मान वर करून त्याने इतक्या लोकांतून थेट तिच्याकडे बघितलं.

"अक्का, ह्याच्यात तार हाय का?"

"न्हाई," ती म्हणाली.

चक्र बांधाकडे न्यायला तो वळला नाही. लोक कुजबुजायला लागले. वनमाला बांध उतरून खाली गेली. कुणीतरी मागून, बाईमाणसानं पुढं जाऊ नये, असं काहीतरी म्हणालं आणि आईचा आवाज आला, जाऊ द्या तिला. राम जवळून म्हातारा दिसत होता. ती त्याला ऐकू जाईल एवढ्यानेच म्हणाली, "अण्णा नको म्हणले होते, रामा. माझ्या हातचं."

"म्हणले होते," राम म्हणाला. "परवाच्या दिवशी मला बी म्हणले, थोरली आल्याबिगर उचलू नका. आता दोन्ही कसं पाळू, तूच सांग."

 तिने त्याच्या हातातून चक्र घेतलं, पट्टीचे काटे उपसले, पट्टीची नीट घडी केली आणि मागे उभ्या असलेल्या अंगदच्या हातात दिली. मग वाकून चक्र अण्णांच्या छातीवर ठेवलं.  ते जरा डावीकडे सरकलं होतं, ते तिने दोन्ही हातांनी सरळ केलं. परत बांधावर येईपर्यंत तिला मागे वळून बघावंसं वाटलं नाही, आणि वळून बघितलं तेव्हा रामने अग्नी दिलेला होता. सरणाची लाकडं धुमसत होती तोवर कडब्याने पेट घेतला. फुलं ओली होती. त्या जाळात ती बराच वेळ पांढरीच राहिली.

ती तीन दिवस तलवाड्यातच राहिली. सुतकात घरची चूल पेटत नव्हती, शेजारून विमलबाई चहा पाठवायची, आणि पहिल्या संध्याकाळी आईने कप पुढं केला तेव्हा वनमालाने तो साय धरायच्या आत, जीभ भाजत प्यायला. तिसऱ्या दिवशी सकाळी सावडायला जाताना रामने तिला हाक मारली. राख अजून कोमट होती. त्यावर दूध शिंपडलं, पाणी शिंपडलं. राम हाडं वेचून मडक्यात ठेवत होता, आणि ती गुडघ्यांवर बसून हाताने राख बाजूला करत होती, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. राम म्हणाला, "काय हुडकायलीस, अक्का?" ती म्हणाली, काही नाही. मग त्यानेही पलीकडून राखेत हात घातला आणि दोघांनी मिळून ती सगळी चाळून बघितली. राखेत कडब्याचं काहीच उरलं नव्हतं.